सबुरीची बियर

बॉस्टनपासून पेनसिल्व्हेनियाच्या कोळसापट्ट्यापर्यंत पाच दिवस, पाच ब्रुअरीज आणि डोक्यावर एक टांगती तलवार. अमेरिकेतल्या क्राफ्ट लागरची ही एक घरगुती सफर.

शुक्रवारची संध्याकाळ. लॅपटॉप बंद, आयकार्ड गळ्यातून बॅगेत. टेबलावर टेकल्या टेकल्या पहिला डायलॉग काय? 'बॉस, एकदम चिल्ड आण!' कुठली आणायची ते नंतर, आधी चिल्ड. बाटली हाताला गार लागली की आपलं काम झालं. चवबिव बघायला वेळ कुणाला आहे?

मीही त्यातलीच. कॉलेजपासून आपण जी पितो, ती किंगफिशर काय किंवा तिची कुठली बहीण काय, ती 'लागर' असते, हेही मला उशिरा कळलं. सांगितलं दादानं. माझा सख्खा मोठा भाऊ. बॉस्टनजवळच्या फ्रेमिंगहॅममध्ये अकरा वर्षं आयटीत. दर रविवारच्या फोनवर आईची चौकशी झाली की माझ्यासाठी एक वाक्य ठरलेलं, 'तू ये तर एकदा, तुला खरी लागर पाजतो.'

गेल्या ऑक्टोबरमध्ये शेवटी योग आला. व्हिसा झाला, तिकीट काढलं. आणि मी विमानात बसण्याच्या एकोणीस दिवस आधी दादाची नोकरी गेली. एच-वन-बी व्हिसावर असताना नोकरी गेली की नवी शोधायला साधारण साठ दिवस मिळतात. नाही मिळाली, तर बॅगा भरायच्या. मी घाबरत घाबरत विचारलं, 'येऊ की नको?' तर म्हणाला, 'ये गं. आता तर मला सुट्टीच आहे.'

तर मंडळी, ही ट्रिप अशी सुरू झाली. साठातले एकोणीस गेलेले, उरले एक्केचाळीस.

लागर म्हणजे काय रे दादा?

एअरपोर्टवरून घरी जातानाच पहिला क्लास झाला. बियरचे ढोबळमानाने दोन खानदान. एल आणि लागर. फरक यीस्टचा. एलचं यीस्ट उबदार हवेत, पंधरा-वीस डिग्रीच्या आसपास झपाट्यानं काम करतं. लागरचं यीस्ट थंडीत, आठ ते तेरा डिग्रीला, रमतगमत आंबवत बसतं. ते झालं की बियर शून्याच्या आसपास नेऊन आठवडेच्या आठवडे नुसती ठेवून द्यायची. 'लागर्न' या जर्मन शब्दाचा अर्थच मुळी साठवून ठेवणं. फ्रिज नव्हते तेव्हा हे काम डोंगरातल्या गुहा आणि तळघरं करायची.

आज जगभर पिवळीधम्मक, पारदर्शक बियर दिसते, तिची आजी १८४२ मध्ये बोहेमियातल्या पिल्सेन गावात जन्मली. योसेफ ग्रोल नावाच्या बव्हेरियन ब्रुअरनं ती बनवली, म्हणून नाव पिल्सनर. जर्मन लोक बोटीत बसून अमेरिकेत आले ते हे यीस्ट आणि ही रेसिपी घेऊनच. मिलवॉकी, सेंट लुईस ही शहरं त्यांनीच बियरची केली.

मग १९२० मध्ये अमेरिकेत दारूबंदी आली, ती थेट १९३३ पर्यंत. शेकडो ब्रुअरीज झोपल्या. ज्या उरल्या त्या मोठ्या होत गेल्या आणि त्यांची बियर हलकी होत गेली. मका घाला, तांदूळ घाला, स्वस्त करा, थंड करा, टीव्हीवर जाहिरात करा. सत्तरच्या दशकाच्या शेवटी एवढ्या मोठ्या देशात ब्रुअरीज उरल्या होत्या शंभरापेक्षा कमी! घरी बियर बनवायला केंद्राची परवानगी मिळाली तीही १९७८ मध्ये जिमी कार्टर यांनी कायद्यावर सही केल्यावर. तिथून क्राफ्टची लाट आली. आज अमेरिकेत नऊ हजारांहून जास्त ब्रुअरीज आहेत.

पण गंमत अशी, की या क्राफ्टवाल्यांनी बरीच वर्षं लागरकडे ढुंकून पाहिलं नाही. लागर म्हणजे बाबांची बियर, मोठ्या कंपन्यांची बियर. हिरो कोण, तर कडूजहर आयपीए. त्यामुळे ज्यांनी हट्टानं लागरच केली, त्यांच्या गोष्टी मला जास्त आवडल्या.

दिवस पहिला : माळ्यावरची रेसिपी

बॉस्टनमधलं जमैका प्लेन. नाव ऐकून समुद्र, नारळ वगैरे डोळ्यांसमोर येतं, पण आहे विटांच्या जुन्या इमारतींचा परिसर. इथे एका जुन्या ब्रुअरीच्या वास्तूत सॅम्युएल अ‍ॅडम्सची बॉस्टन ब्रुअरी आहे. कंपनी आता मोठी झाली, बहुतेक माल दुसरीकडे बनतो. इथे नवे प्रयोग होतात आणि आपल्यासारख्यांना टूर मिळते.

जिम कोच हा हार्वर्डचा पोरगा. बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुपमधली गलेलठ्ठ नोकरी. घराण्यात पिढ्यान् पिढ्या ब्रुअर, पण वडिलांच्या काळापर्यंत या धंद्यात काही राम राहिला नव्हता. १९८४ मध्ये या पठ्ठ्यानं नोकरी सोडली, खापरपणजोबा लुईस कोच यांची रेसिपी माळ्यावरून काढली आणि ब्रीफकेसमध्ये बाटल्या घालून बॉस्टनच्या बारचे उंबरे झिजवले. सोबत ऱ्होंडा कॉलमन, आधी त्याची सेक्रेटरी, मग पार्टनर. १९८५ मध्ये सॅम्युएल अ‍ॅडम्स बॉस्टन लागर बाजारात आली.

मी पहिला घोट घेतला आणि ग्लास उजेडात धरला. रंग तांबूस, पातळ चहासारखा. आधी भाजलेल्या पावाची गोडी, मग हॉप्सचा फुलांसारखा वास, आणि शेवटी हलकासा कडवटपणा. ही आपल्याकडच्या बाटलीची नातेवाईक आहे? दादा नुसता हसत होता. आणि तेवढ्यात त्याचा फोन वाजला. रिक्रूटर. तो पार्किंगमध्ये गेला तो पंचवीस मिनिटांनी आला. 'काय म्हणाले?' 'कळवतो म्हणाले.'

वहिनीनं त्याचा अर्धा ग्लास माझ्याकडे सरकवला. ती पीत नाही, त्यामुळे पाचही दिवस गाडीचं सारथ्य तिच्याकडे. ब्रुअरी ट्रिप करायची तर अशी एक वहिनी हवीच!

दिवस दुसरा : फेस म्हणजे फसवणूक नव्हे

बॉस्टनच्या उत्तरेला पाऊण तासावर सेलम. १६९२ मध्ये इथे चेटकिणी समजून माणसांवर खटले भरले गेले, लोकांना फासावर चढवलं गेलं. ऑक्टोबरात त्या आठवणीचा पार मेळा होतो. काळ्या टोप्या, झाडू, भोपळे, तुफान गर्दी. त्या गर्दीतून वाट काढत आम्ही पाण्याकाठच्या नॉच ब्रुइंगमध्ये शिरलो.

ख्रिस लोरिंगनं २०१० मध्ये नॉच सुरू केलं ते एका सरळ विचारावर. बियरमध्ये अल्कोहोल कमी असावं, म्हणजे मित्रांबरोबर बसून दोन-तीन ग्लास गप्पा मारता येतात. इंग्रजीत याला 'सेशन बियर' म्हणतात. बाकीचे सात-आठ टक्क्यांच्या मागे धावत असताना हा माणूस चार-साडेचारवर अडून बसला. आणि प्रेम कशावर, तर झेक लागरवर.

इथे नळसुद्धा झेक पद्धतीचे, बाजूला फिरणारा दांडा असलेले. आधी ग्लासात दाट, ओला, मलईसारखा फेस सोडतात आणि मग त्या फेसाखालून बियर भरतात. वर चांगला दोन-तीन बोटं फेस. मला आपल्याकडची सवय. ग्लास तिरका धर, फेस येऊ देऊ नकोस, आलाच तर वेटरला 'भरून दे ना यार' म्हण. फेस म्हणजे फसवणूकच की! इथे उलटं. तो फेस झाकणासारखा बियर ताजी ठेवतो आणि तोच आधी ओठाला लागतो. झेक लोक तर 'म्लीको' म्हणजे 'दूध' नावाचा जवळजवळ अख्खा फेसाचाच ग्लास पितात.

आमच्या घरी फिल्टर कॉफी अशीच उंचावरून ओतणारे एक काका होते, ते आठवले. फेस कसा हवा यावरून रोज बायकोशी भांडायचे. त्यांना सेलम फार आवडलं असतं.

दिवस तिसरा : नॅपकिनवरचा हिशोब

तिसऱ्या दिवशी लांब जायचंच नव्हतं. दादाच्या घरापासून दहा मिनिटांवर जॅक्स अ‍ॅबी. फ्रेमिंगहॅम आणि आजूबाजूच्या गावांत भारतीय भरपूर, त्यामुळे शेजारच्या टेबलावर चक्क मराठी ऐकू आलं. विषय अर्थातच ग्रीन कार्ड.

जॅक, एरिक आणि सॅम या हेंडलर भावांनी २०११ मध्ये ही ब्रुअरी काढली. कुटुंबाचा जुना धंदा बर्फाचा, त्यामुळे थंडपणा रक्तातच! जॅकच्या बायकोचं नाव अ‍ॅबी. तिच्यावरून ब्रुअरीचं नाव, आणि वर बियर बनवणाऱ्या ख्रिस्ती मठांना म्हणतात त्या 'अ‍ॅबी'वर कोटीही. जॅक्स अ‍ॅबीच्या नावानं फक्त लागर बनवायची हा त्यांचा पण. ज्या काळात आयपीए नसेल तर बार दारातही उभं करत नव्हते, त्या काळात! मग त्यांनी शक्कल लढवली. आयपीएचे हॉप्स आणि लागरचं यीस्ट एकत्र आणलं, इंडिया पेल लागर. नाव होपोनियस युनियन. त्यांची हाऊस लागर मात्र साधी, सोनेरी, किंचित गोडसर. लाकडाच्या भट्टीतला पिझ्झा आणि ती. बाकी काही नको.

'यांनाच बाकीच्यांपेक्षा अवघड का जातं?' मी विचारलं. दादामधला इंजिनीअर जागा झाला. नॅपकिन ओढला, पेन काढलं.

'समज, तुझ्याकडे एक टाकी आहे. एल केली तर दोन आठवड्यांत बाहेर. वर्षाचे आठवडे बावन्न, म्हणजे सव्वीस वेळा टाकी भरणार. लागरला पाच आठवडे लाव. दहा वेळा. टाकी तीच, भाडं तेच, पगार तेच. वर थंड ठेवायचं वीजबिल. आणि गिऱ्हाईक म्हणणार, साधी पिवळी बियर तर आहे, एवढे पैसे कशाचे?'

शिवाय लागरमध्ये लपायला जागा नाही. एलमध्ये थोडं इकडेतिकडे झालं तर हॉप्सचा भडिमार करून निभावून नेता येतं. लागरमध्ये पाणी, जवाचं माल्ट, हॉप्स, यीस्ट. एवढंच. चूक झाली की पहिल्याच घोटात समजते. फोडणीचं वरण कुणीही करेल, साधं वरण जमायला हात लागतो, तसंच.

आणि हा धंदा काही सुखात नाही. २०२४ मध्ये अमेरिकेत नव्यानं उघडलेल्या क्राफ्ट ब्रुअरीजपेक्षा बंद पडलेल्यांचा आकडा मोठा होता. सॅन फ्रान्सिस्कोची अँकर ब्रुअरी, जिला फ्रिट्झ मेटॅगनं १९६५ मध्ये वाचवलं आणि जिथून क्राफ्टची गोष्ट सुरू झाली असं मानतात, तीसुद्धा २०२३ मध्ये बंद झाली. पुढच्या वर्षी नवा मालक मिळाला खरा, पण कामगारांची घरं मध्ये बसलीच ना.

दादा नॅपकिनकडे बघत होता. मग त्यानं कोपऱ्यात साठ लिहिलं आणि पाचानं भागायला लागला. 'माझ्या साठ दिवसांत लागरची एक बॅच धड निघते बघ. दुसरी अर्धवट राहणार.'

वहिनी म्हणाली, 'पुरे. पिझ्झा गार होतोय.'

ग्रीन कार्डची रांग भारतीयांसाठी एवढी लांब का, हेही मला तिथंच कळलं. नोकरीवरच्या ग्रीन कार्डांत कुठल्याही एका देशाला साधारण सात टक्क्यांची मर्यादा. आइसलँड असो की भारत, माप एकच. दादाचा अर्ज कधीचाच मंजूर आहे. नंबर तेवढा यायचाय. अकरा वर्षं तो टाकीत आहे, असं म्हणायला हरकत नाही.

दिवस चौथा : पत्रकाराची ब्रुअरी

चार तासांचा ड्राईव्ह आणि न्यूयॉर्क. इथे माझा पहिला पोपट झाला. एका बारच्या दारावर वय विचारलं. मी ऐटीत पॅन कार्ड दाखवलं. दारावरच्या पैलवानानं ते उलटंसुलटं करून बघितलं आणि प्रेमानं परत दिलं. पासपोर्ट? हॉटेलवर. मग काय, परत जा, आणि परत या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुढे जायचं होतं, म्हणून संध्याकाळी लगेच ब्रुकलिनला विल्यम्सबर्ग गाठलं. ब्रुकलिन ब्रुअरीची गोष्ट मला सगळ्यात जवळची, कारण तिचा एक संस्थापक स्टीव्ह हिंडी हा पत्रकार! असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचा मध्यपूर्वेतला प्रतिनिधी. कैरोमध्ये असताना त्याची ओळख अशा मुत्सद्द्यांशी झाली, जे आधी सौदीत होते आणि दारूबंदीच्या देशात गुपचूप घरी बियर बनवायला शिकले होते. ती कला घेऊन हा न्यूयॉर्कला परतला. खालच्या मजल्यावरचा शेजारी टॉम पॉटर बँकेत नोकरीला. दोघांनी १९८८ मध्ये ब्रुकलिन लागर आणली. सुरुवातीला बियर बनायची यूटिका गावात दुसऱ्याच्या ब्रुअरीत. विल्यम्सबर्गमध्ये स्वतःची ब्रुअरी उघडली ती १९९६ मध्ये.

लोगो कुणाचा, तर न्यूयॉर्कवरच्या प्रेमाचं ते लाल बदामवालं जगप्रसिद्ध चिन्ह बनवणाऱ्या मिल्टन ग्लेझरचा. त्यानं फी ऐवजी कंपनीत थोडा हिस्सा घेतला. मी माझ्या तीन थकलेल्या मानधनांचा विचार केला आणि गप्प बसले. आपण पण हिस्साच मागायला हवा होता!

बियर अंबर रंगाची, व्हिएन्ना पद्धतीची, वरून हॉप्सचा ताजा सुगंध. सोबत खारवलेला प्रेटझेल. दादा त्या संध्याकाळी खुशीत होता. दुसरा राउंड झाला होता आणि तिसऱ्या इंटरव्ह्यूची तारीख मिळाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराची.

दिवस पाचवा : भिंत

शेवटचा मुक्काम पेनसिल्व्हेनियातलं पॉट्सव्हिल. कधीकाळी दगडी कोळशावर श्रीमंत झालेलं, आता थोडं थकलेलं गाव. घाटातल्या एखाद्या जुन्या बाजारपेठेसारखे चढउताराचे रस्ते, लालपिवळ्या झाडांनी भरलेले डोंगर. आणि चढावर उभी यिंगलिंगची विटांची ब्रुअरी. १८२९ पासून सुरू असलेली, अमेरिकेतली सर्वात जुनी. डेव्हिड यिंगलिंग नावाच्या जर्मन माणसानं काढली. १८३१ मध्ये पहिली जागा जळाली, तेव्हा इथे आले. आजही घराण्याकडेच आहे, सहावी पिढी, चार बहिणी.

यिंगलिंग क्राफ्ट आहे का, यावर बियरवाले तासन् तास भांडू शकतात. त्यांच्या लागरमध्ये मका असतो आणि बराच काळ क्राफ्टची व्याख्या अशा धान्याला नाकं मुरडायची. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या ब्रुअर्स असोसिएशननं व्याख्या बदलली आणि यिंगलिंग आत आली. पेनसिल्व्हेनियात मात्र हा वादच नाही. बारमध्ये नुसतं 'लागर' म्हणा, यिंगलिंगच समोर येते.

अकराचा फोन ब्रुअरीच्या बाहेर झाला. मी आणि वहिनी गाडीत बसून दादाचे हातवारे बघत होतो. तो आत आला तेव्हा काही बोलला नाही. आम्हीही विचारलं नाही. टूर सुरू झाली.

ब्रूहाऊसच्या छताला रंगीत काचा आहेत, चर्चसारख्या. खाली तांब्याची भांडी, माल्टचा गरम लापशीसारखा वास. मग एका दारातून डोंगराच्या पोटात. हाताने खोदलेल्या गुहा. फ्रिज नव्हते तेव्हा लागर इथे झोपायची. अंगावर काटा आणणारा गारवा, भिंतीतून झिरपणारं पाणी आणि मध्येच एक विटांची भिंत, फोडलेली. दारूबंदी आली तेव्हा सरकारी अधिकाऱ्यांनी या गुहा बांधून बंद केल्या होत्या, त्या भिंतीचा हा उरलेला तुकडा.

तेरा वर्षं ही माणसं काय करत होती? नावापुरतं अल्कोहोल असलेली बियर विकली. आणि रस्त्याच्या पलीकडे चक्क डेअरी काढली, आइस्क्रीम विकलं! धंदा जगवला. १९३३ मध्ये बंदी उठली तेव्हा 'विनर बियर' नावाची बियर काढून एक ट्रकभर माल प्रेसिडेंट रूझवेल्टना आभार म्हणून पाठवून दिला. आइस्क्रीमचा धंदा मग पुढेही बरीच वर्षं चालू राहिला.

गुहेत फोनला रेंज नव्हती. पाच दिवसांत पहिल्यांदाच दादाच्या हातात फोन नव्हता. तो त्या भिंतीवर हात ठेवून उभा होता. म्हणाला, 'तेरा वर्षं आइस्क्रीम विकलं गं यांनी.'

वहिनी हळूच म्हणाली, 'आपण साठ दिवसांत रडायला लागलो.'

बाहेर आल्यावर दोन छोटे ग्लास मिळाले. तांबूस, कॅरॅमलची हलकी चव, काही नखरे नाहीत. दादानं आपला ग्लास संपवला आणि मग सांगितलं, 'नाही झालं.' आम्ही तिघं पायऱ्यांवर बसलो. समोर डोंगर, गाडीच्या डिकीत आईनं पाठवलेल्या चकल्यांचा उरलेला डबा. तो काढला. सांगते, अंबर लागर आणि भाजणीची चकली, यासारखी जोडी जगात नाही. प्रेटझेल गेला खड्ड्यात.

आणि मग

चोपन्नाव्या दिवशी त्यांनी तिकिटं काढली. गाडी विकली, सोफा शेजाऱ्यांना दिला. अकरा वर्षं चार बॅगांत बसली. आता दोघं पुण्यात आहेत. दादाला नोकरी मिळाली, पगाराचं विचारू नका. आई खुश आहे आणि ते लपवण्याचा ती फारसा प्रयत्नही करत नाही. तो खुश आहे का? काही दिवस असतो, काही दिवस नसतो. रविवारचा फोन आता नाही, आणि मला तो अधूनमधून आठवतो, हे त्याला सांगितलेलं नाही.

पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झाली तेव्हापासून आपल्याकडेही ताजी बियर मिळायला लागली. मागच्या शुक्रवारी एका मायक्रोब्रुअरीत गेलो. फळ्यावर गव्हाची बियर होती, सफरचंदाची सायडर होती. दादानं विचारलं, 'लागर?' वेटर म्हणाला, 'सर, अजून टाकीत आहे. दोन आठवडे लागतील.'

दादा म्हणाला, 'बरं झालं. घाई करू नका म्हणावं.' आणि गव्हाची मागवली. फेसासकट.

जायचंय? मग हे वाचा

* वयाची अट २१. पॅन, आधार काही चालत नाही. पासपोर्ट जवळ ठेवा.
* पिणारा गाडी चालवणार नाही, हा नियम घरातून निघतानाच ठरवा. वहिनी नसेल तर टॅक्सी.
* टूरच्या वेळा निघण्याआधी बघा, शक्य तिथे बुकिंग करा. यिंगलिंगच्या टूरला पाय झाकणारे बूट घाला, आणि स्वेटर विसरू नका.
* बारमध्ये टिप द्यावी लागते. दर ग्लासमागे निदान एक डॉलर धरून चाला.
* दुसऱ्या भागात जाणार असाल तर लागरप्रेमींची आणखी काही ठिकाणं : क्लीव्हलँडची ग्रेट लेक्स (१९८८, डॉर्टमुंडर गोल्ड), ऑस्टिनची लाइव्ह ओक (१९९७, पिल्झ), डेन्व्हरची बियरश्टाट लागरहाऊस (तिथली 'स्लो पोअर' पिल्सनर ओतायलाच काही मिनिटं लागतात) आणि शिकागोची डव्हटेल.
* येताना दारू, वाईन, बियर सगळं मिळून दोन लिटरपर्यंत ड्यूटी लागत नाही. बाटल्या जीन्समध्ये गुंडाळून चेक-इन बॅगेत.
* आणि चकल्या न्यायला विसरू नका.